लॅमिनेट केलेली डिग्री

माझी डिग्री हातात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी ती लॅमिनेट करून आणली. चांगल्या जाड प्लास्टिकमध्ये, कडा एकदम सरळ, आत एकही बुडबुडा नाही. आता पाणी पडलं तरी काही होणार नाही म्हणाले, आणि खरंच काही झालं नाही, बारा वर्षं ती कपाटात जशीच्या तशी राहिली. मग मला परदेशात नोकरी लागली आणि मी ती घेऊन अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र, करायला एका ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईंनी डिग्री हातात घेतली, प्लास्टिकवर नखाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाल्या, "मॅडम, शिक्का कुठे मारू? यावर शाईच टिकत नाही."

दुसरी प्रत काढायला सात आठवडे गेले. जॉइनिंग पुढे ढकलावं लागलं. बाबा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, संध्याकाळी मात्र कपाटातले सगळे कागद बाहेर काढून बघत बसले, अजून काय काय लॅमिनेट केलंय ते.

हे सगळं परत आठवायचं कारण म्हणजे भाचीचं बाहेर जायचं नक्की झालंय. मी दोनदा देश बदललाय आणि एकदा परत आलेय, त्यामुळे घरात कुणाचंही असं काही ठरलं की फोन माझ्याकडे. "मावशी, तुझी ती लिस्ट पाठव ना." लिस्ट वगैरे माझ्याकडे काही नाहीये, जे आहे ते सगळं चुकून चुकून शिकलेलं आहे. तिला डिग्रीची गोष्ट सांगितली तर आधी खो खो हसली आणि मग एकदम गप्प झाली, कारण तिचा जन्मदाखला पण लॅमिनेट केलेला आहे. त्याच माणसाने.

तर मग आम्ही दोघी जमिनीवर फतकल मारून बसलो आणि तिचे कागद पसरले.

अपॉस्टिल म्हणजे काय हे मला तेव्हा कुणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून तिला सांगत होते. एका देशाच्या सरकारी कागदावरची सही खरी की खोटी हे दुसऱ्या देशातल्या माणसाला कसं कळणार? पूर्वी त्यासाठी या ऑफिसाचा शिक्का, मग त्या खात्याचा, मग वकिलातीचा, अशी माळच लावायला लागायची. ५ ऑक्टोबर १९६१ ला हेगमध्ये एक करार झाला आणि त्या माळेच्या जागी एकच प्रमाणपत्र आलं. चौकोनी, बाजू कमीत कमी ९ सेंटिमीटरची, त्यात क्रमांक टाकलेल्या दहा गोष्टी, आणि मथळा कुठल्याही देशात फ्रेंचमध्येच. जे देश करारात नाहीत तिथे अजून ती जुनी माळच आहे, आणि असे देश कमी होत चाललेत, चीन २०२३ मध्ये आला, कॅनडा २०२४ मध्ये. आपण जातोय तो देश करारात आहे का हे सगळ्यात आधी बघायचं, बाकी धावपळ नंतर.

पण गंमत पुढे आहे. अपॉस्टिल तुमच्या डिग्रीबद्दल काहीच सांगत नाही. तुम्ही पास झालात की नाही, त्या कॉलेजात काही शिकवतात की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ते फक्त एवढंच म्हणतं की खाली ज्याची सही आहे त्याचीच ती सही आहे, तो त्या पदावर होता आणि शिक्का खरा आहे. म्हणजे एवढा खटाटोप करून आपण सिद्ध काय करतो, तर एका अनोळखी क्लार्कची सही.

मला हे कळलं तेव्हा आधी चीड आली आणि नंतर हळूहळू पटलं. आपण जिथे वाढतो तिथे आपल्याला कागद लागतच नाहीत फारसे, म्हणजे लागतात, पण ते नसले तरी कुणीतरी "अरे ही त्यांची मुलगी" म्हणणारं निघतंच. बाहेर गेल्यावर असं म्हणणारं एकही माणूस नसतं. तिकडे आपल्याला ओळखतो तो फक्त फोल्डर. आणि हा फोल्डर इथे असतानाच भरायचा असतो, कारण एकदा निघून गेलं की एका दाखल्यासाठी कुणाला तरी आपल्या वतीने रांगेत उभं करावं लागतं, आणि त्या माणसाला रांगेत उभं राहायचा अधिकार देण्यासाठी परत आपलाच एक कागद लागतो. मुखत्यारपत्र, पॉवर ऑफ ॲटर्नी. तेही निघायच्या आधी करून ठेवायचं. मी नव्हतं केलं. नंतर ते करायला वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन एक आख्खी सुट्टी घालवली.

भाचीचा पासपोर्ट उघडला. मुदत दीड वर्ष आहे म्हणून ती निवांत होती. मी म्हटलं, बरेच देश आत घेताना पुढची सहा महिने मुदत शिल्लक आहे का बघतात, आणि तिथे वर्क परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे बहुतेक वेळा देत नाहीत, म्हणजे तुझं दोन वर्षांचं काँट्रॅक्ट असून परमिट दीडच वर्षाचं मिळेल. जमत असेल तर आत्ताच नवा काढ. मग फोटोच्या पानावरच्या खालच्या दोन ओळी तिला वाचायला लावल्या. आपण त्या कधीच वाचत नाही. दोन्हीत ४४-४४ जागा, मधेमधे ती टोकदार खुणांची रांग. पहिल्या ओळीत नावाला ३९ जागा, आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीचं नाव, त्यात मावलं नाही तर कापतात. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, मुदत आणि या प्रत्येकाच्या मागे एक तपासणीचा आकडा, ७, ३, १ असं गुणत जाऊन काढलेला. नंबरातला एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर मशीनला तिथल्या तिथे कळतं. नावाला मात्र असा तपासणीचा आकडा नाही. नावात चूक असेल तर मशीन गप्प बसतं, मग ती माणसाच्या लक्षात येते, आणि तो माणूस खिडकीच्या पलीकडे बसलेला असतो, तुम्ही विमानातून उतरल्यावर.

तिच्या डिग्रीवर आडनावात एक "ए" जास्त निघाला. सहा वर्षं कुणाच्या लक्षात आला नव्हता.

"एवढ्याने काय होतंय मावशी?"

होतंही नाही कदाचित. पण व्हिसा एका स्पेलिंगने, नोकरीचं काँट्रॅक्ट दुसऱ्या, मग बँक, मग टॅक्स नंबर, असं करत करत तिकडे दोन वेगवेगळ्या बायका तयार होतात आणि त्या दोघी एकच आहेत हे सांगता सांगता आपला जीव जातो. इथेच दुरुस्त करून घे म्हटलं. आणि तारखेचं पण तेच, ०४/०५ म्हणजे काही देशांत चार मे आणि काही देशांत पाच एप्रिल. मी एका अपॉइंटमेंटला जवळजवळ एक महिना उशिरा पोचलेय, अगदी वेळेच्या दहा मिनिटं आधी. आता जिथे चालेल तिथे महिना अक्षरात लिहिते.

ऑफर लेटर तिने फोनवरच वाचलं होतं, म्हणजे पगाराचा आकडा वाचला होता. तो आकडा टॅक्स आणि सामाजिक सुरक्षेची कपात होण्याआधीचा आहे हे तिला माहीत नव्हतं. हातात किती येणार हे एचआरला सरळ विचारायचं, त्यात लाजायचं काही नाही, रोजचाच प्रश्न आहे त्यांना. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो वेगळा प्रश्न, तो विचारायला कुणाची जीभ रेटत नाही: नोकरी गेली तर? व्हिसा त्याच कंपनीला बांधलेला आहे का, प्रोबेशनमध्ये काढलं तर नोटीस किती, आणि त्यानंतर त्या देशात किती दिवस राहू देतात? परतीचं तिकीट कोण देणार? आनंदाच्या दिवशी असलं अभद्र बोलायचं नसतं म्हणून आपण विचारत नाही, आणि मग ज्या दिवशी विचारायची वेळ येते त्या दिवशी उत्तर देणारं कुणी राहिलेलं नसतं.

दोन गोष्टी मात्र मी तिला अगदी मास्तरणीसारख्या सांगितल्या. एक म्हणजे नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार हेच म्हणतो की खाजगी एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही, अपवाद थोडेच, जो माणूस हवाय त्याची किंमत मालकाने मोजायची. सगळ्या देशांनी तो करार मानलेला नाही, पण आपल्याला पारखायला तेवढी कसोटी पुरते. दुसरं, पासपोर्ट मालकाच्या ताब्यात द्यायचा नाही. "सेफ ठेवतो", "सगळ्यांचेच ऑफिसात असतात", काहीही सांगू दे. कागदपत्रं अडकवून ठेवणं हे त्याच संघटनेच्या यादीत वेठबिगारीचं एक लक्षण म्हणून दिलेलं आहे. झेरॉक्स द्यायची, मूळ प्रत आपल्याकडे. ती म्हणाली, मावशी मी सॉफ्टवेअरमध्ये आहे गं, मला कोण वेठबिगार करणार. असेना, सवय म्हणून लक्षात ठेव.

मग पहिला आठवडा. याबद्दल कुणीच नीट सांगत नाही. तुम्ही उतरता, बॅगा घेता, हवा वगैरे छान वाटते आणि मग बँकेत जाता. बँक म्हणते पत्त्याचा पुरावा द्या. पत्ता पाहिजे तर घर भाड्याने घ्या. घरमालक म्हणतो बँकेचं स्टेटमेंट आणि पगाराच्या स्लिपा दाखवा. पगार जमा व्हायला खातं पाहिजे. खात्याला पत्ता. मी त्या बँकेत चार दिवसांत तीनदा गेले, तिसऱ्यांदा तर काउंटरवरच्या मुलाने मला लांबूनच मान हलवून नाही म्हणून सांगितलं, मी अजून रांगेतच होते. त्या दिवशी बाहेर येऊन एका बाकावर बसले आणि चक्क रडले, पैशासाठी नाही, पैसे होते, पण एवढी मोठी बाई आणि मी इथे राहते हे सिद्ध करता येत नाही.

हे कोडं सुटतं. फक्त ते निघायच्या आधी सोडवायला घ्यायचं. कंपनीकडून एक पत्र मागून घ्यायचं, लेटरहेडवर, अमुक तारखेपासून नोकरीला आहे, पगार इतका, सध्या राहणार इथे. बऱ्याच बँका आणि घरमालक त्यावर भागवतात. सुरुवातीला राहायला जी तात्पुरती जागा घेता तिथे सरकारी नोंदणी करता येते का हे बुक करायच्या आधीच विचारायचं, कारण काही देशांत राहायला आल्यावर ठरावीक दिवसांत पत्ता नोंदवावाच लागतो, जर्मनीत दोन आठवड्यांत, आणि नोंदणी झाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. आणि जागा न बघता, फोटोवर भुलून डिपॉझिट पाठवायचं नाही. मालक स्वतः बाहेरगावी आहे आणि किल्ली कुरियरने पाठवणार आहे असं कळलं की समजायचं, ना घर आहे ना किल्ली.

पैसे किती न्यावेत हे मला नेहमी विचारतात. पहिला पगार महिना संपल्यावर येतो, आणि एखादा कागद अडला तर दोन महिन्यांनी, डिपॉझिट त्याच्या आधी जातं. मी तीन महिन्यांचा खर्च म्हणते, मला स्वतःला दोन महिन्यांचा नेऊन घाम फुटला होता. पैसे पाठवताना "झिरो फी" बघून हुरळायचं नाही, ते विनिमय दरात वसूल करतात, शेवटी समोरच्या खात्यात किती पडतात तेवढाच आकडा बघायचा.

आणि ओटीपी! जुना नंबर बंद करू नका. मी बंद केला, उगाच महिन्याचे पैसे कशाला म्हणून. मग जुन्या बँकेत लॉगिन करायला गेले तर ओटीपी त्याच नंबरवर, नंबर बदलायला फॉर्म, फॉर्म भरायला लॉगिन, लॉगिनला ओटीपी. शेवटी परत गेले तेव्हाच ते सुटलं. निघायच्या आधी बँक, टॅक्स, ईमेल, सगळीकडे कुठला नंबर आहे ते बघून घ्या आणि तो नंबर स्वस्तातल्या प्लॅनवर का होईना जिवंत ठेवा.

औषधांचं भाचीने स्वतःहून विचारलं, तिला थायरॉइडची गोळी आहे. ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळेलच असं नाही, डॉक्टरकडून मूळ औषधाचं नाव लिहून घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटना १९५० च्या दशकापासून औषधांना सगळ्या जगात चालतील अशी नावं देत आलीये, तरी पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होतंच. चिठ्ठी बरोबर, गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या काही गोळ्या, हे काही देशांत परवानगीशिवाय नेताच येत नाही, त्या देशाच्या सरकारी साइटवर बघून मगच भरायचं. पिवळ्या तापाची लस लागणार असेल तर प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, आदल्या दिवशी टोचून घेऊन उपयोग नाही, बाकी ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. गाडीच्या आंतरराष्ट्रीय परमिटबद्दल पण लोकांचे भलते समज असतात, ते म्हणजे तुमच्या लायसन्सचं भाषांतर आहे फक्त, मूळ लायसन्स जवळ नसेल तर ते पुस्तक कुणी विचारत नाही, आणि तिथले रहिवासी झालात की ठरावीक मुदतीत तिथलंच लायसन्स घ्यावं लागतं.

टॅक्सचं मी थोडक्यात उरकणार होते पण नाही उरकलं. सगळ्यांना १८३ दिवसांचं माहीत असतं, अर्ध्या वर्षाहून जास्त जिथे राहिलो तिथले आपण. पण वर्षाच्या मधेच गेलात तर कधीकधी दोन्ही देश म्हणतात ही आमची. मग दोन देशांतला करार बघायचा, असे बरेचसे करार ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात, आणि त्यात पायऱ्या आहेत. आधी विचारतात की कायमचं घर कुठे आहे. दोन्हीकडे असेल तर तुमच्या आयुष्याचे धागे कुठे जास्त जवळचे आहेत, माणसांचे आणि पैशाचे, दोन्ही. तेही ठरेना तर एरवी राहता कुठे, मग नागरिकत्व कुठलं, आणि शेवटी दोन सरकारं बसून ठरवतात.

मी पहिल्यांदा सल्लागाराकडे गेले होते तेव्हा त्याने हा प्रश्न फॉर्ममधून वाचून दाखवला, अगदी कोरड्या आवाजात, आणि पेन धरून थांबला. माझे जवळचे धागे कुठे आहेत. आई-बाबा एकीकडे, पगार एकीकडे, मैत्रिणी अर्ध्या अर्ध्या, पुस्तकं एका तिसऱ्याच माणसाच्या माळ्यावर. मी दोन मिनिटं गप्प. तो म्हणाला, मॅडम, घाई नाही, पण एकच देश लिहायचाय.

(बाकी सामाजिक सुरक्षेचं राहिलंच, तिकडे पगारातून जे कापलं जातं ते परत येताना बुडतंच असं नाही, दोन देशांत तसा करार असेल तर वर्षं एकत्र धरतात. फ्रान्स आणि इटलीने असा करार १९०४ मध्येच केला होता. त्यासाठी सगळ्या पगाराच्या स्लिपा जपून ठेवायच्या. जपायच्या म्हणजे लॅमिनेट नाही.)

वकिलातीबद्दल आपल्या मनात एक चित्र असतं, काही झालं तर आपला देश धावून येईल. येतो, पण किती ते लिहून ठेवलेलं आहे. १९६३ चा व्हिएन्ना करार आहे वाणिज्य दूतावासांचा. पासपोर्ट हरवला तर प्रवासाचा कागद देतात, जन्माची नोंद, सही प्रमाणित करणं, घरच्यांना कळवणं. अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवा असं म्हणायचा हक्क आहे आणि तुम्ही म्हणालात तर तिथल्या पोलिसांनी कळवलं पाहिजे, पण ते तुम्ही म्हणायचं असतं, हे वाक्य पाठच करून ठेवा. ते तुम्हाला भेटायला येऊ शकतात, वकिलांची यादी देऊ शकतात. सोडवून नेऊ शकत नाहीत, दंड भरत नाहीत, मालकाशी भांडत नाहीत. पोचल्यावर तिथे नाव नोंदवून ठेवायला काही लागत नाही, भूकंप किंवा युद्ध झालं तर निदान यादीत आपण असतो.

आणि मग एक दिवस सगळे कागद होतात. खातं उघडतं, कार्ड येतं, दारावर नाव लागतं. मला वाटलं होतं आता संपलं. तिथेच ते सुरू झालं, साधारण तिसऱ्या महिन्यात. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये रिओ दि जानेरोत कल्चर शॉकवर एक भाषण दिलं होतं, त्यात त्याने लक्षणं सांगितलीयेत, आणि त्यातलं पहिलंच आहे सारखे हात धुणं. मग पिण्याच्या पाण्याची, भांड्यांची, अंथरुणाची नको इतकी काळजी. मी हे वाचलं तेव्हा हात पुसतच वाचत होते. पहिले काही आठवडे सगळं छान छान वाटतं आणि मग तिथल्या माणसांचा रागच यायला लागतो, असं तो म्हणतो, आणि मला तर दाराच्या कड्यांचा पण राग यायचा, उलट्या बाजूला फिरतात म्हणून. याच्यावर मी भाचीला काही उपाय सांगितला नाही. तिसऱ्या महिन्यात असं होतं एवढंच सांगितलं, म्हणजे झाल्यावर आपलंच काहीतरी बिघडलं असं वाटायला नको.

ती गेली. आडनावातला "ए" काढून, नवा जन्मदाखला घेऊन, कोऱ्या कागदावरचा, दुमडता येणारा. पाच आठवड्यांनी रात्री फोन आला.

"मावशी, एक फॉर्म आहे, इमर्जन्सी काँटॅक्ट विचारलाय. तुझं नाव लिहिलं तर म्हणतात लोकल पाहिजे, इथला नंबर. कुणाचं लिहू?"

मी सांगितलं की मी माझ्या पहिल्या फॉर्मवर ती जागा मोकळी सोडली होती. त्यांनी परत पाठवला. मग एचआरमधल्या एका मुलीचं नाव लिहिलं, तिला न विचारता, ती दोन महिन्यांनी नोकरी सोडून गेली.

"वरच्या मजल्यावर एक बाई आहेत," ती म्हणाली, "माझं पार्सल घेऊन ठेवतात. त्यांनी मला त्यांचा नंबर पण दिलाय. पण त्यांचं आडनावच माहीत नाही गं मला."

"मग विचार."

"आत्ता? साडेआठ वाजलेत इथे."

"दिवा चालू आहे का बघ."

खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही.

"चालू आहे. थांब, स्पेलिंग लिहून घ्यायला पेन घेते."